भूत फक्त राजाला दिसतं

मेजवानी रंगात आली आहे. सरदार आपापल्या मानाप्रमाणे बसलेत, नवा राजा हसतमुखाने त्यांच्यात मिसळतोय, आणि त्याच्यासाठी राखलेल्या जागेवर त्यानेच थोड्या वेळापूर्वी मारेकरी घालून मारलेला मित्र येऊन बसतो. डोक्यावर वीस घाव. बँकोचं हे भूत मॅकबेथखेरीज तिथे कोणालाच दिसत नाही. राजा रिकाम्या आसनाशी वाद घालू लागतो, पाहुणे एकमेकांकडे बघू लागतात, आणि चारचौघांत होणारी शोभा आवरायला राणी त्याच्या कानाशी लागते. पहिला प्रश्न विचारते तो असा : 'तुम्ही पुरुष आहात ना?' मग फणकारते, की हा सगळा तुमच्या भीतीने रंगवलेला देखावा आहे. हिवाळ्यात शेकोटीपाशी एखादी बाई आपल्या आजीच्या हवाल्याने गोष्ट सांगते ना, त्या गोष्टीत शोभतील असले हे दचके.

शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मधली मोठी भाषणं लोकांना पाठ असतात. मला मात्र हे टोमण्याचं वाक्य सोडत नाही. भुताच्या गोष्टी ही बायकांची मिळकत, आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे येणारी. तेव्हा ज्या पुरुषाला भूत दिसलं तो तेवढ्यापुरता बाई झाला, असा त्यातला हिशेब आहे. गंमत अशी की भूत खरोखरच तिथे असतं. फोलिओतल्या, म्हणजे नाटकाच्या सर्वांत जुन्या छापील प्रतीतल्या रंगसूचनेत स्वच्छ लिहिलंय की बँकोचं भूत प्रवेश करतं आणि मॅकबेथच्या जागी बसतं. म्हणजे शेकोटीजवळची ती आजी बरोबर होती, आणि तिची टर उडवणारी राणी चूक.

आमच्या कोकणातल्या घरी आजी हडळीच्या आणि मुंज्याच्या गोष्टी माजघरात सांगायची, आणि ओटीवर पान लावत बसलेले काका लोक तिकडून हसायचे. 'बायकांचं काहीतरी!' पण रात्री परसाकडे जायची वेळ आली की त्यातला एकही एकटा जात नसे. 'चल रे, जरा कंदील धर' म्हणून कोणातरी पोराला उठवायचे. पोराला भीती वाटू नये म्हणून आपण सोबत चाललोय, असा वर आव.

जुने किल्ले, भुतं, अंधार यांच्या भयकथांना लावतात तो 'गॉथिक' हा शिक्का खरं तर शेक्सपियरच्या कितीतरी नंतरचा. 'मॅकबेथ' लिहिलं गेलं 1606 च्या सुमारास. होरेस वॉल्पोलने किल्ला, भुयार, शाप यांनी भरलेली आपली कादंबरी काढली 1764 मध्ये. दुसऱ्या आवृत्तीत तिला 'गॉथिक' म्हटलं, आणि तिथल्याच प्रस्तावनेत आपण शेक्सपियरचा कित्ता गिरवला हे सांगून टाकलं. तेव्हा 'मॅकबेथ'मध्ये गॉथिक घटक आहेत असं म्हणणं म्हणजे आजोबांचं नाक नातवासारखं आहे म्हणण्यासारखं. पण नाक आहे, हे खरंच. घुबड ओरडतं, रातकिडे किरकिरतात, आकाशातले सगळे दिवे विझलेत. मॅकबेथ आपल्या घरी झोपलेल्या राजा डंकनचा खून करून गादी मिळवतो, त्या खुनानंतर दिवसाउजेडी अंधार होतो, उंदरांवर जगणारं घुबड ससाण्याला मारतं, आणि डंकनचे उमदे घोडे तबेला फोडून एकमेकांना खातात. घोड्यांची ही हकिगत सांगणारा रॉस नावाचा सरदार आहे. आपल्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणतो. या रॉसवर जरा लक्ष ठेवा.

या सगळ्या सामानात मला सर्वांत भयानक वाटतो तो एक प्रसन्न प्रवेश. राजा डंकन मॅकबेथच्या इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापाशी येतो आणि म्हणतो, जागा काय छान आहे, हवा किती हलकी आणि गोड! बँको दुजोरा देतो : बघा, पाकोळ्यांनी इथे सगळीकडे घरटी केलीत, आणि त्या जिथे वीण घालतात तिथली हवा निर्मळ असते. त्याच्या आदल्याच प्रवेशात आपण त्या घरच्या मालकिणीला म्हणताना ऐकलेलं असतं, की डंकन 'माझ्या' तटाखालून आत येणार हे सांगता सांगता कावळ्याचाही घसा बसलाय. 'आमच्या' नाही म्हणत ती. तट तिचे आहेत. पुढच्या गॉथिक कादंबऱ्यांत ठरलेली मांडणी असते : किल्ला दुष्ट पुरुषाचा, आत अडकलेली बाई निष्पाप. इथे किल्ला बाईचा, आणि आत येऊन झोपणारा निष्पाप जीव म्हणजे एक म्हातारा पुरुष. पाहुणचार करणारी, अंथरुणं घालणारी, पहारेकऱ्यांना दारू पाजणारी, म्हणजे चांगल्या यजमानीणबाईची सगळी कामं नीट पार पाडणारी जी आहे, तिच्याच हातून खुनाची सोय होते.

कावळ्याचं ते वाक्य संपतं न संपतं तोच ती भुतांना हाक मारते. खुनाच्या विचारांमागे फिरणाऱ्या शक्तींनो, या, माझं बाईपण इथेच काढून घ्या. टाळूपासून टाचेपर्यंत मला क्रौर्याने काठोकाठ भरा. माझ्या छातीशी या आणि दुधाच्या जागी पित्त करून टाका. या भाषणावरून तिला राक्षसीण ठरवणाऱ्यांची मला मौज वाटते. राक्षसिणीला अर्ज करावा लागतो का? जिच्यात दयामाया नाही तिने 'पश्चात्तापाची वाट बंद करा' म्हणून भुतांच्या विनवण्या कशाला कराव्यात? ती मागते आहे याचा अर्थ तिच्याकडे ते नाही. आणि मागून मिळालेलंही दिसत नाही, कारण थोड्याच वेळात, खंजीर उशाशी तयार ठेवून झाल्यावर, ती स्वतःशी पुटपुटते : झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं.

बाईपण काढून घ्या म्हणणारी ही बाई तेव्हा लंडनच्या रंगमंचावर एक मुलगा होता. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. त्यांची कामं कोवळ्या आवाजाची पोरं करत. मुलाने बाई व्हायचं आणि त्या बाईने बाई नसण्याची इच्छा करायची! हा तिढा मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. शि. म. परांजपे यांनी या नाटकाचं 'मानाजीराव' केलं तेव्हा आपल्या नाटक मंडळ्यांतही नऊवारी नेसून उभे राहणारे पुरुषच होते. पुढे शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये दुर्गा खोटे ही भूमिका करायला उभ्या राहिल्या तोवर मधे केवढा काळ गेला होता.

मॅकबेथला 'तू राजा होशील' असं भाकीत सांगणाऱ्या चेटकिणींचंही असंच. बँको त्यांना पाहून गोंधळतो : तुम्ही बायकाच असणार, पण तुमच्या दाढ्या तसं म्हणू देत नाहीत. दाढीवाल्या बायका आपल्याला आता विनोदी वाटतील. तेव्हाच्या प्रेक्षकाला नसत्या वाटल्या, कारण गादीवर बसलेला जेम्स राजा स्कॉटलंडात असताना 1590–91 च्या नॉर्थ बेरिकच्या खटल्यांत स्वतः चौकशीला बसला होता. राजाचं जहाज वादळात लोटल्याचा आरोप बायकांवर ठेवण्यात आला, छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले, आणि अॅग्नेस सॅम्पसनसारख्या, लोकांना औषधपाणी देणाऱ्या वयस्क बाईला मारण्यात आलं. जेम्सने 1597 मध्ये चेटकावर पुस्तकच लिहिलं. त्यात एक प्रश्न येतो, की एका पुरुषामागे वीस बायका या मार्गाला लागतात त्या का? उत्तर तयार : बाईची जात दुबळी, सैतानाच्या फासात चटकन सापडते. 1603 मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला, आणि शेक्सपियरची नाटक मंडळी राजाची मंडळी झाली. असा धनी समोर असताना चेटकिणींचं नाटक लिहायचं आणि त्यात सैतानाच्या फासात सगळ्यांत आधी, सगळ्यांत पूर्ण, एक शूर सेनापती अडकवायचा, याला धाडस म्हणायचं की खोडसाळपणा, मला सांगता येत नाही. चेटकिणी मॅकबेथला 'खून कर' असं एकदाही म्हणत नाहीत, हे नाटक वाचताना बोट ठेवून तपासून बघा. त्या फक्त पदव्या मोठ्याने वाचून दाखवतात.

'कर' म्हणते ती बायको. आणि ज्या हत्याराने ती त्याला कामाला लावते ते कोणत्याही चेटकाहून जुनं आहे. मॅकबेथ माघार घेतो. म्हणतो, पुरुषाला शोभेल ते सगळं करायची माझी छाती आहे, त्यापुढे जातो तो पुरुषच नव्हे. नाटकातला हा त्याचा शेवटचा शहाणा विचार. ती त्याचे तीनतेरा वाजवते : करायची हिंमत होती तेव्हा तुम्ही पुरुष होता. आपल्याकडे याला 'बांगड्या भरा' म्हणतात, आणि ते वाक्य बहुतेक वेळा बाईच्याच तोंडी दिलेलं असतं. पुढे ती ते भीषण बोलते, की मी बाळाला पाजलंय, दूध पिणाऱ्या जिवावर किती माया असते मला ठाऊक आहे. पण तुमच्यासारखी शपथ घेतली असती तर माझ्याकडे बघून हसणाऱ्या बाळाच्या बोळक्यातून स्तन ओढून घेऊन मी त्याचं डोकं फोडलं असतं. नवऱ्याची यावर दाद काय? तू फक्त मुलगेच जन्माला घाल. बाई कठोर झाली, तर बक्षीस म्हणून मुलग्यांची आई व्हायचा मान.

शस्त्र चाललं हे बघून मॅकबेथने ते लगेच उचललं. बँकोला मारायला मारेकरी बोलावतो तेव्हा ते म्हणतात, महाराज, आम्ही पुरुष आहोत. तो उत्तरतो : हो, यादीत तुमची नोंद पुरुष म्हणूनच होते, जशी शिकारी कुत्र्यांची, केसाळ कुत्र्यांची आणि गावठी कुत्र्यांची सगळ्यांची नोंद 'कुत्रा' म्हणून होते. आता बोला, त्या यादीत तुम्ही कुठल्या रांगेत? त्याला बायकोने विचारलेला प्रश्न तो जसाच्या तसा खाली पोचवतो. आणि बायकोला? तिला म्हणतो, तू अजाण राहा लाडके, झाल्यावर शाबासकी दे.

इथून ती नाटकातून हळूहळू बाहेर ढकलली जाते. लोक म्हणतात ती मेजवानीनंतर खचली. मला वाटतं तिला घरात बसवलं गेलं. कटाची भागीदार होती ती पुन्हा बायको झाली. ज्या बाईपणातून सुटायला तिने अंधाराची मदत मागितली त्यातच नवऱ्याने तिला प्रेमाने परत सोडलं. मेजवानीचा प्रवेश संपल्यावर ती मधले कितीतरी प्रवेश दिसतच नाही. दिसते ती थेट पाचव्या अंकात, झोपेत चालताना, हातात मेणबत्ती घेऊन. नवरा युद्धावर गेलेला. दिवा सतत जवळ ठेवायचा असा तिचा हुकूम आहे. जिने 'ये, दाट रात्री' म्हणून हाक घातली होती तिला आता मिट्ट अंधार सोसत नाही. तटांची मालकीण होती, ती त्याच तटांच्या आत भटकणारी बाई झाली. मेणबत्ती घेऊन दालनांतून फिरणारी जी बाई पुढे गॉथिक कादंबऱ्यांनी शेकड्यांनी वापरली, तिची ही मूळ प्रत.

आणि त्याच्या-तिच्या भीतीतला भेदभाव बघा. त्याला हवेत तरंगणारा खंजीर दिसतो, भूत दिसतं, चेटकिणी त्याला राजांची रांग दाखवतात. प्रत्येक वेळी शेक्सपियर त्याला उत्तमातली उत्तम कविता देतो. तिला यातलं काहीच दिसत नाही. तिच्या वाट्याला हातावरचा एक डाग, आणि तोही झोपेत. तिची भीती कवितेत नाही, तुटक गद्यात येते, आणि ती ऐकायला एक वैद्य आणि एक दासी उभे असतात. वैद्य टिपण काढतो. पुरुषाला भूत झपाटतं, बाईला आजार होतो. या गद्यातच ती मधेच म्हणते, 'शी, महाराज, सैनिक असून घाबरता?' झोपेतसुद्धा तोच टोमणा चालू. आणि मग ओवीसारखी एक ओळ : फाइफच्या सरदाराला बायको होती, आता ती कुठे आहे? ही बायको म्हणजे मॅकबेथने मारेकरी पाठवून मारलेली लेडी मॅकडफ. ज्या बाईला ती नाटकात एकदाही भेटत नाही, तिची चौकशी अख्ख्या स्कॉटलंडात ही एकटी करते.

सेरा सिडन्स या इंग्लिश नटीने आपल्या आठवणीत लिहिलंय, की विशीत असताना ही भूमिका पाठ करायला ती रात्री सगळे झोपल्यावर बसली. खुनाच्या प्रवेशापर्यंत धीर टिकला, मग भीती अशी वाढत गेली की मेणबत्ती उचलून ती खोलीबाहेर पळाली. अंगात रेशमी झगा होता. जिना चढताना त्याची सळसळ मागून येत राहिली, आणि तिला वाटलं भूत पाठलाग करतंय. वर नवरा गाढ झोपलेला. मेणबत्ती टेबलावर आदळली, विझवायचीही हिंमत झाली नाही, आणि कपड्यांसकट तिने अंथरुणावर अंग टाकलं. गॉथिकवर लिहिलेल्या जाडजूड पुस्तकांत मला याहून नेमकं काही मिळालेलं नाही. मागे लागलेलं भूत म्हणजे तिचाच बायकी पोशाख.

1785 च्या फेब्रुवारीत ड्रुरी लेन थिएटरात तिने ही भूमिका केली तेव्हा झोपेतल्या प्रवेशात मेणबत्ती खाली ठेवून दिली. ही तेव्हा मोठी आगळीक होती, कारण मेणबत्ती हातात धरूनच तो प्रवेश करायचा असा पायंडा होता. थिएटरचा चालक शेरिडन आधी रंगपटात येऊन हुज्जत घालून गेला. पण हात चोळून धुवायचे तर दोन्ही मोकळे नकोत का? पाणी ओतायचं, बोटांमधून घासायचं, वास घेऊन बघायचा. बाईला हे कळतं. ही राणी नाजूक, गोरी, कदाचित अशक्तही असावी असं सिडन्सचं मत होतं, हे वाचून मला बरं वाटलं. 29 जून 1812 ला तिने निरोपाचा प्रयोग केला तेव्हा हा प्रवेश झाल्यावर टाळ्या थांबेनात, आणि नाटक तिथेच संपवावं लागलं. एरवी शेवटच्या भाषणात डंकनचा मुलगा, नवा राजा माल्कम तिला 'सैतानासारखी राणी' म्हणून निकालात काढतो. त्या रात्री त्याला ती संधीच मिळाली नाही.

इतर रात्री मात्र नाटक पुढे जातं. आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो आणि मॅकबेथ म्हणतो, भीतीची चवच मी विसरत चाललोय; एके काळी रात्रीची किंकाळी ऐकून माझं रक्त गोठायचं. झाला एकदाचा पुरता पुरुष, बायकोला हवा होता तसा. राणी गेली असं कळतं तेव्हा त्याला तिच्यासाठी रडताही येत नाही. आयुष्य म्हणजे एका वेड्याने सांगितलेली गोष्ट आहे, एवढंच सुचतं. आजीच्या गोष्टीला हसून हसून शेवटी हाताशी राहिली ती वेड्याची गोष्ट. आजीच्या गोष्टीला निदान अर्थ असायचा.

अॅन रॅडक्लिफ या गॉथिक लेखिकेचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापला गेला. त्यात ती दोन प्रकारच्या भीती वेगळ्या करते : एक मन ताणून जागं करते, दुसरी गोठवून टाकते. डंकनचा खून पहिल्या जातीचा, पडद्याआड होणारा. फाइफच्या किल्ल्यातला खून दुसऱ्या जातीचा. नवरा, फाइफचा सरदार मॅकडफ, इंग्लंडला निघून गेलाय, लेडी मॅकडफ चिडली आहे. एवढीशी चिमणीसुद्धा घरट्यातल्या पिलांसाठी घुबडाशी भांडते, म्हणते. तिचा मुलगा आपल्या डोळ्यांसमोर मारला जातो. मारेकरी येण्याआधी ती स्वतःलाच विचारते, मी कोणाचं वाईट केलं नाही हा बायकी बचाव कशाला पुढे करू? तिथे भूत नाही, चेटकीण नाही, रात्रीचा अंधार नाही.

आणि तिथे मघाशी रॉस होता. तिचा नातेवाईक. तिला धीर द्यायला आला होता. पोराकडे पाहून त्याला भरून येतं, आणि तो म्हणतो : मी आणखी थांबलो तर मूर्खासारखं होईल, माझी शोभा होईल आणि तुलाही अवघड होईल. तेव्हा निघतोच. रडू फुटेल म्हणून एक सशस्त्र सरदार त्या घरातून निघून जातो, आणि काही क्षणांत मारेकरी आत शिरतात. मी हा प्रवेश कितीतरी वर्षं नुसता पुढच्या खुनासाठी वाचत होते. आता मला त्यात रॉसची पाठ जास्त दिसते.

इंग्लंडात जाऊन मॅकडफला ही बातमी देतो तोही रॉसच. आपल्या देशाला आता आई म्हणता येत नाही, थडगं म्हणावं लागतं, असं तो आधी छान बोलून घेतो. मॅकडफ कोसळतो. माल्कम सांगतो, पुरुषासारखं तोंड दे याला. आणि मॅकडफ म्हणतो, देईन. पण मला ते पुरुषासारखं सोसायलाही हवं ना. सगळ्या नाटकात पुरुष या शब्दाला दुःखाची जागा देणारा हा एकटा माणूस. मी एकदा एका दवाखान्यात हनुवटीला टाके घालून घेणारा पाचेक वर्षांचा पोरगा पाहिला होता. आई म्हणत होती, 'वाघ ना तू माझा? रडतात त्या मुली.' पोरगा रडला नाही. सुई टोचली तशी त्याने टेबलाच्या रेक्झिनमध्ये नखं रोवली आणि शेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे असं बघितलं की ती दोन पावलं मागे सरली. मॅकडफचंही पुढे तेच होतं. माल्कम त्याला सांगतो, दुःखाचा राग कर; मॅकडफ तलवारीची भाषा बोलू लागतो, आणि माल्कम खूश होऊन म्हणतो : हा सूर मर्दाला शोभतो.

मॅकबेथला मारतो तोही हाच, आईचं पोट फाडून काढलेला, म्हणून 'बाईने न जन्मवलेला' मॅकडफ; बाईने जन्मवलेल्या कोणाकडूनही मॅकबेथला धोका नाही, असं भाकीत होतं. चेटकिणींवर कोणी तलवार उपसत नाही. त्या कुठे गेल्या याची चौकशीसुद्धा होत नाही. रंगमंचावर आता एकही बाई नाही. माल्कमच्या बाजूने लढणाऱ्या म्हाताऱ्या सीवर्डचा तरुण मुलगा लढाईत पडलाय आणि ती बातमी देण्याचं काम पुन्हा रॉसकडेच आलंय. तो सांगतो, पुरुष होण्याइतकंच जगला, पण पुरुषासारखा मेला. बापाचा एकच प्रश्न : जखमा पुढच्या बाजूला आहेत ना? रॉस म्हणतो, हो, पुढेच. मग ठीक, म्हणतो बाप. माल्कम म्हणतो याच्यासाठी आणखी दुःख करायला हवं, मी करीन. तर बाप म्हणतो, एवढं पुरे. मग माल्कम आपल्या सगळ्या सरदारांना अर्ल ही नवी पदवी देऊन टाकतो, स्कॉटलंडात पहिल्यांदाच दिलेली. रॉसही त्यात आलाच.